संगणकातलं डफडं

मोठेबांना मी सांगितलं, की माझी परीक्षा आहे. परीक्षा कसलीच नव्हती. पण आमच्या घरात त्या शब्दापुढे कुणी नाही म्हणत नसे. मला ते पक्कं माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी तो शब्द काढला.

मोठेबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आदिलाबादजवळ, तलमडुगु मंडलातल्या एका लहान गावात, वस्तीच्या टोकाला त्यांचं घर. आजोबा लवकर गेले तेव्हा वडील चौथीत होते. मोठेबांनी दुसऱ्यांच्या कपाशीत राबून त्यांना शिकवलं. वडील मराठी शाळेत मास्तर झाले, आदिलाबादला आले, आणि मी तिथेच वाढलो. मोठेबा गावातच राहिले. त्यांना स्वतःला सही येत नव्हती, पण वस्तीतल्या कुठल्याही पोराचा निकाल लागला की तो आधी त्यांना येऊन सांगावा लागे.

तरुणपणी ते डफडं वाजवत. हौस म्हणून नाही. पोळ्याला पाटलाच्या बैलांपुढे, लग्नात वरातीपुढे, मयतीत तिरडीपुढे आमच्या लोकांनी डफडं वाजवायचं, असा गावचा रिवाज होता. बोलावणं आलं की हातातली भाकर ठेवून उठायचं. पुढे वस्तीने बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हा एका सकाळी घराघरातली डफडी नाल्याकाठी आणून फोडली आणि पेटवून दिली. त्यात पहिलं मोठेबांचं होतं. कातडं जळाल्याचा वास दोन दिवस गेला नाही, असं त्यांची बायको, माझी मोठीआई सांगायची. त्यानंतर मोठेबांनी कशावरही ठेका धरला नाही. लहानपणी सुट्टीत गावी गेलो असताना एकदा मी जेवता जेवता ताटावर बोटं वाजवत बसलो होतो. "हात आवर," ते एवढंच म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्या घरात मी पुन्हा ताट वाजवलं नाही.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पदवी घेऊन मी आदिलाबादच्या एका खासगी कंप्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलो होतो. तीन कंप्युटर, त्यातल्या एकालाच साउंड कार्ड आणि दोन स्पीकर. एक दिवस शहरातल्या एका इंग्रजी शाळेचे संगीत मास्तर आमच्याकडे आले. तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलत. हैदराबादहून त्यांनी एक सीडी आणली होती. तिच्यात संगीत लिहायचं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर पाच रेषा यायच्या. माउसने त्या रेषांवर सूर ठेवायचे, कोणत्या वाद्यात वाजवायचे ते यादीतून निवडायचं, आणि बटण दाबलं की कंप्युटर सगळं वाजवून दाखवायचा. शाळेच्या वार्षिक संमेलनात मुलांच्या सुगीच्या गाण्याला साथ कंप्युटरने करावी, अशी मास्तरांची कल्पना होती. आमच्या शहरात असं काही कुणी पाहिलं नव्हतं. सूर मास्तरांना कळत, मशीन मला कळे. आम्ही रोज दुपारी बसू लागलो.

वाद्यांची यादी शंभराच्या वर होती. पियानो, व्हायोलिन, सतार, सनई, जपानी ढोल. शेवटी शेवटी तर हेलिकॉप्टर आणि टाळ्यांचा कडकडाटही होता. मास्तरांनी दोनदा यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "इसमें डप्पु नहीं है?" तेलुगूत डप्पु म्हणजे आपलं डफडं.

डफडं नव्हतं. पण सॉफ्टवेअरसोबत आलेली माहिती शब्दकोश घेऊन वाचताना मला कळलं, की यादीत नसलेलं वाद्य आपलं आपण घालता येतं. त्याचा आवाज रेकॉर्ड करायचा, कापून त्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका सुराला बांधायचा. मग तो सूर पडद्यावरच्या पानावर ठेवला की आपलंच वाद्य वाजतं. मी मास्तरांना म्हणालो, "मैं कर दूँगा सर. मेरे पास आदमी है."

"कौन?"

"इचोड़े का एक बैंडवाला."

इचोड्याच्या बँडवाल्याकडे मी गेलोही. हमरस्त्यावर, ट्रक उभे राहतात तिथे त्याचं दुकान होतं. त्याच्याकडे डफडं होतं आणि तो ते वाजवतही होता. तिथेच चार ठोके रेकॉर्ड करून घेतले असते तरी माझं काम झालं असतं. पण वस्तीतली म्हातारी माणसं मोठेबांच्या हाताबद्दल हळू आवाजात जे बोलत ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तो हात मला ऐकायचा होता. आणि खरं सांगायचं तर, मास्तरांपुढे मला असं काही ठेवायचं होतं जे दुसऱ्या कुणाकडे नसेल. मी बँडवाल्याकडून नुसतं डफडं एक दिवसासाठी मागून घेतलं.

गावच्या बसमध्ये बसण्याआधी मी ते चादरीत गुंडाळलं. शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाय बाबू? परात हाय का?"

"हो," मी म्हणालो.

मला ते चारचौघांत मांडीवर घ्यायची लाज वाटत होती, आणि तेच मी मोठेबांच्या गळ्यात अडकवायला निघालो होतो. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही असंही नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मोठेबा अंगणात दोरी वळत बसले होते. मी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला आणि चादर सोडली. त्यांनी पाहिलं, आणि हातातली दोरी खाली ठेवली.

"हे काऊन आणलं?"

"मोठेबा, माही परीक्षा हाय."

"परीक्षेत डफडं?"

"कंप्युटरची परीक्षा हाय. एक वाद्य आपण सोता त्याच्यात भरून दाखवा लागते."

"मंग पेटी भर. बासरी भर."

"ते सगळं आधीच हाय त्याच्यात. हेच नाही."

त्यांनी चादरीचं टोक परत डफड्यावर ओढलं. मग विचारलं, "नाही भरलं तं नापास करतीन?"

"हो."

"कोनाले कळन का, कोन वाजवलं ते?"

"नाही. नुसता आवाज जाते. ना नाव, ना गाव."

ते उठले, पायात चपला घातल्या. "वस्तीत नाही," ते म्हणाले. "वावरात चाल."

त्यांचं वावर नाल्याच्या पलीकडे होतं. ज्वारी कणसावर आली होती. मोठेबांनी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करून जाळ केला आणि डफड्याचं कातडं शेकायला धरलं. चाळीस वर्षांत हात लावला नव्हता, पण कातडं किती जवळ न्यायचं, कधी फिरवायचं, बोटाने कुठे टिचकी मारून पाहायचं, हे त्यांच्या हातांना विचारावं लागलं नाही. मग त्यांनी एक जाड टिपरी आणि एक बारीक काडी छाटून घेतली. मी टेपरेकॉर्डर दगडावर ठेवला.

"एकच ठोका मारा," मी म्हणालो. "मंग थांबा. मंग परत एक."

त्यांनी मारला. थांबले. पुन्हा मारला. मी मधोमध सांगायचो, कडेला सांगायचो, हळू सांगायचो, जोरात सांगायचो. शाळेतल्या पोराने ऐकावं तसं ते ऐकत होते. असे तीसेक ठोके झाले असतील.

"झालं का?"

"झालं."

"हे काही वाजवनं नाही होय," ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

मी ते शब्दांत नीट सांगू शकणार नाही. जाड टिपरी चालत होती आणि बारीक काडी तिच्या मागे धावत होती, आणि दर चौथ्या ठोक्यानंतर काडी अगदी जराशी उशिरा पडायची, जणू पाय अडखळला, आणि पडायच्या आत सावरला. त्या अडखळण्यात सगळी मजा होती. मोठेबांचे डोळे मिटले होते. एवढा हलका चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. टेप चालूच होता. मी तो बंद केला नाही.

धुऱ्यावरून कुणी धावत येत होतं. मोठीआई होती. शेजारच्या वावरात कापूस वेचत होती, ओटीतला कापूस वाटेत सांडत आली. "कोन मेलं?" ती लांबूनच ओरडली. "कोन गेलं गा?"

मग तिने नवऱ्याला पाहिलं.

मोठेबांचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, ओटी सावरली आणि आल्या वाटेने परत गेली. मोठेबांनी डफडं गळ्यातून काढून खाली ठेवलं, टिपरी आणि काडी जाळात टाकली, नाल्यावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. परत आल्यावर म्हणाले, "ठोके ठेव तुह्या परीक्षेले. ते शेवटचं ठेवू नको. पुसून टाक."

"हो," मी म्हणालो.

"पुसशील ना?"

"पुसतो मोठेबा."

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी टेपमधून आवाज कंप्युटरमध्ये घेतला आणि ठोके कापले. कापण्यात दोन दिवस गेले. प्रत्येक ठोक्याला सूर बांधला, मास्तरांनी पानावर मांडून दिलं, आम्ही बटण दाबलं. पत्र्याच्या डब्यावर कुणी दगड मारत असल्यासारखं वाजलं. ताल बरोबर होता, आवाजही डफड्याचाच होता, पण त्यात जीव नव्हता. मास्तर कानात बोट घालून हसले. "जपानी ढोल ही रखते हैं," ते म्हणाले.

मला ते सहन झालं नाही. ते गेल्यावर मी कॅसेट पुढे सरकवली. ते शेवटचं मी पुसलं नव्हतंच. त्यातली दोन आवर्तनं मी अख्खी कापली आणि एकाच सुराला बांधून टाकली. आता पानावर एक गोल टिंब ठेवलं की मोठेबांचा तो सगळा ठेका, त्या अडखळण्यासकट, वाजायचा. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ऐकलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "कहाँ मिला यह आदमी?" मी पुन्हा इचोड्याचं नाव घेतलं.

संमेलन झकास झालं. मुलं गायली, कंप्युटर मंचाच्या कडेला टेबलावर, मी त्याच्यामागे. तो ठेका मोठ्या भोंग्यांमधून आला तेव्हा मागच्या रांगांमध्ये लोक शिट्ट्या मारायला लागले. पुढच्या रांगेत पाहुणे होते आणि त्यात आमच्या गावचे पाटील होते. त्यांचा नातू त्या शाळेत होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ठेका सुरू होताच ते खुर्चीत पुढे सरकले. कार्यक्रम संपल्यावर सरळ माझ्याकडे आले.

"हे कोनाचं वाजवनं हाय?"

"कंपनीचं," मी म्हणालो. "कंप्युटरमधलं हाय."

"काही सांगतो का? कंपनीले असं वाजवता येते?" पाटील हसत होते. चिडलेले नव्हते, खुशीत होते. "हा तुह्या मोठ्या बापाचा हात हाय. मी पोरगा होतो तवा आमच्या बैलायपुढं वाजवे. ही काडी मागून पडते ना, हे दुसऱ्या कोनाले जमलंच नाही."

"नाही," मी म्हणालो. "त्यांचं नाही. तुमचा गैरसमज होऊन राह्यला."

त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि ते गेले. मास्तर जवळच उभे होते, त्यांनी मला मिठी मारली. लोक येऊन हात मिळवत होते. मी सगळ्यांशी हात मिळवला.

पुढचं मला महिनाभराने वडिलांकडून कळलं. ते गावी जाऊन आले होते. संध्याकाळी आले, पाय धुतले, आणि माझ्यासमोर बसून शांतपणे विचारलं, "परीक्षा कोणती होती रे?"

उत्तराची वाट न पाहता तेच सांगू लागले. पाटलांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. पाटील स्वतः वस्तीत गेले, विहारापुढे माणसं बसली होती तिथे उभे राहिले, आणि मोठेबांना मोठ्या प्रेमाने म्हणाले, की शहरात भोंग्यावर तुझं डफडं ऐकलं, हात अजून तसाच आहे, आता माझ्या पोराच्या वरातीपुढं एकदा वाजव, तुला मानानं बोलावतो. सगळी वस्ती ऐकत होती. विहाराच्या कमिटीतल्या तरुण पोरांनी मोठेबांकडे पाहिलं. कुणीतरी विचारलं, "मोठेबा, तुमी वाजवलं?"

"हो, वाजवलं," मोठेबा म्हणाले. "हौस आली होती."

पाटलांना त्यांनी हात जोडून नाही म्हटलं. पण पौर्णिमेला विहारात सगळ्यांकडून बुद्धवंदना म्हणवून घ्यायला ते पुढे बसायचे, ते त्या दिवसापासून बसले नाहीत. बोलावलं तरी मागे, दाराजवळ, चपलांपाशी बसू लागले.

"माझं नाव त्यांनी घेतलं नाही?" मी विचारलं.

"नाही. मला एकट्याला सांगितलं. म्हणाले, पोराची परीक्षा होती, त्याला काही बोलू नको." वडिलांनी चष्मा काढून पुसला. ते मास्तर होते, पोरांना रागवायची सवय होती, पण मला ते रागावले नाहीत. मी वाट पाहत होतो की रागावतील.

मी लगेच गावी गेलो असतो तर काही वेगळं झालं असतं का, माहीत नाही. मी तीन आठवडे गेलो नाही. आधी क्लासमध्ये जाऊन तो आवाज कंप्युटरमधून काढून टाकला, कॅसेट पुसली. मग मास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, त्यांनी सगळ्याची एक प्रत हैदराबादच्या मित्राला पाठवली आहे, एक दुसऱ्या शाळेला दिली आहे. "क्यों, क्या हुआ?" मी म्हणालो, काही नाही.

गेलो तेव्हा मोठेबा त्याच अंगणात होते. मी उभ्यानेच सांगितलं, "मोठेबा, परीक्षा नव्हती."

"मले समजलं होतं," ते म्हणाले.

"कवा?"

"पाटील आले तवा. परीक्षा भोंग्यावर घेतेत का?" मग त्यांनी विचारलं, "पुसलं का ते?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. पण या वेळी खरं सांगितलं. माझ्याकडचं पुसलं, पण दुसऱ्यांकडे गेलं आहे, ते आता परत येणार नाही. मोठेबांनी मान हलवली, आणि मोठीआईला आवाज दिला, की पोरगा आला आहे, भाकर टाक. मोठीआईने भाकर टाकली, वाढलीही. माझ्याशी बोलली नाही.

जेवून मी कमिटीच्या मुख्याकडे गेलो. तो माझ्याच वयाचा होता, मंडलाच्या कचेरीत कारकून. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणालो, पुढच्या पौर्णिमेला मी विहारात उभा राहून हे सगळ्यांसमोर बोलतो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मोठेबांनी सगळ्यायसमोर सांगतलं, की हौस आली होती. विहाराच्या दारात उभं राहून सांगतलं. आता तू येऊन सांगशील, की ते खोटं बोलले?"

"पण ते माह्यासाठी बोलले."

"मंग तुह्यासाठीच राहू दे," तो म्हणाला.

मी विहारात काही बोललो नाही. मला आजही ठरवता येत नाही, की त्याचं म्हणणं बरोबर होतं म्हणून मी गप्प बसलो, की गप्प बसायला एक चांगलं कारण मिळालं म्हणून. पौर्णिमेला मी विहारात गेलो आणि मोठेबांशेजारी दाराजवळ बसलो. पुढे एक तरुण पोरगा वंदना म्हणत होता, मध्येच एक ओळ विसरला. मोठेबांचे ओठ हलत होते, पण त्यांनी ती ओळ मोठ्याने सांगितली नाही. दोन-अडीच वर्षं ते तिथेच बसत. पुढे कमिटीनेच दोघाचौघांना पाठवून त्यांना पुढे बोलावलं, तर म्हणाले, आता उठबस होत नाही, इथंच बरं आहे.

क्लासमधलं काम मी त्याच वर्षी सोडलं आणि एका सरकारी कार्यालयात टायपिंगला लागलो. मास्तरांनी पुढच्या संमेलनाचं बोलावणं पाठवलं. जायचं नव्हतं, तरी गेलो, आणि आत न जाता जिन्यात उभा राहिलो. तेच गाणं, तीच साथ. तो ठेका आला. काडी मागून पडली, अडखळली, सावरली. मी तो शेवटपर्यंत ऐकला. मला तो तेव्हाही आवडला. फार आवडला. हे मी वडिलांना सांगितलेलं नाही, मोठेबांना तर नाहीच.